बिनकामाचे दोन दिवस

फोन आला तेव्हा मी कोरेगावच्या घरी मेथी निवडत बसले होते. सकाळचे दहा वाजले असतील. पलीकडं रूपाली, माझ्या थोरल्या जाऊबाईंची सून. एरवी फोन केला की आधी माझ्या गुडघ्यांची चौकशी करणारी पोरगी, त्या दिवशी एवढंच म्हणाली, "काकी, आई गेल्या." आणि मी, बत्तीस वर्षं शाळेत पोरांना मराठी शिकवलेली बाई, तिला काय विचारावं... "कुठं गेल्या?" वर आणखी म्हणते, "अगं, अजून खरड छाटणी व्हायचीय. आत्ताच कशा गेल्या?"

पलीकडं रूपालीचा हुंदका ऐकू आला तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मेथीची जुडी मांडीवर तशीच राहिली. आता लोक म्हणतील, काय बाई आहे, जाऊ मेल्याचा निरोप आला आणि ही छाटणीची चौकशी करते! म्हणू देत. ह्या जाऊबाईंना आम्ही सगळे आक्का म्हणायचो, आणि आमच्या घरात 'आक्का गेली' ह्याचा तीसेक वर्षं एकच अर्थ होता. आक्का समुद्राला गेली. तासगावजवळ आमच्या घरची द्राक्षबाग आहे, आणि द्राक्षबागेला रविवार नसतो, दिवाळी नसते. माल उतरला, बेदाणा वाळला, की एप्रिलात सगळ्या वेलींची खरड छाटणी होते. त्यानंतर नवी काडी फुटायला आठ-दहा दिवस लागतात. वर्षभरात बाग माणसाला मोकळं सोडते ती तेवढीच. त्या फटीतनं आक्का दोन दिवस समुद्राला जायची आणि आम्हा सगळ्यांना ओढून न्यायची. यंदा फेब्रुवारीत, बेदाण्याच्या शेडमध्ये सकाळपासून उभी होती, "जरा टेकते गं," असं रूपालीला म्हणून खाली बसली आणि बसल्या जागी गेली. सत्तरी नुकतीच ओलांडली होती.

आमच्याकडं तिसऱ्या दिवशी रक्षाविसर्जनाला भाषणं होतात. कुणीतरी पुढारी, कुणीतरी भावकीतला, दोन-दोन मिनिटं बोलतात. त्या दिवशी एक गृहस्थ उभे राहिले. आक्काशी त्यांचं आयुष्यात चार वाक्यं बोलणं झालं नसेल. म्हणाले, "माउलीनं जन्मभर कष्टाचा डोंगर उपसला. कधी विसावा म्हणून घेतला नाही. कामातच जगल्या आणि कामातच गेल्या." सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांनी पदर डोळ्याला लावला. आणि माझ्या मात्र नाकाला मिरच्या झोंबल्या. उचलली जीभ लावली टाळ्याला! अहो, खोटं आहे ते. साफ खोटं. कष्ट तिनं केले, कुणाच्या बापाला झेपणार नाहीत इतके केले. पण विसावा घेतला नाही? त्या बाईनं आपला विसावा सासूशी भांडून घेतला, नवऱ्याशी भांडून घेतला, सगळ्या भावकीच्या तोंडावर घेतला. तिनं मिळवलेली गोष्ट एका वाक्यात पुसून टाकायची आणि तिला म्हणे श्रद्धांजली! तेव्हा मी गप्प बसले, कारण आण्णा, म्हणजे आक्काचे मालक, माझ्या शेजारीच मान खाली घालून उभे होते. हे लिहितेय ते त्या भाषणाला उत्तर म्हणून.

आक्काचं नाव शालन. माहेर म्हसवडकडचं. तिकडचं पाणी ज्याला माहीत आहे त्याला जास्त सांगायला नको. लहानपणी ती शाळेत चौथीपर्यंत गेली, पाचवीपासून पाण्याला गेली. हे तिचंच वाक्य. डोक्यावर दोन, काखेत एक, आणि टँकर आला की जीव घेऊन पळायचं. लग्न होऊन बागायतीत आली तर इथं पाण्याची वेगळी तऱ्हा. विहिरीवरची मोटार, पाळीचं पाणी, ठिबकच्या नळ्या, लाईट कवा येईल त्यावर सगळा दिवस. मी लग्न होऊन आले तेव्हा ती दोन लेकरांची आई होती. आमचे हे फौजेत, वर्षातनं दोनदा घरी येणार. त्यामुळं नवऱ्यापेक्षा माझा संसार जास्त झाला तो ह्या जाऊबाईंशी. जावा-जावा म्हणजे भांडायच्या, अशी जगाची समजूत. आम्हीही भांडलो. चुलीवरनं भांडलो, पोरांवरनं भांडलो, एकदा तर चटणीत लसूण किती ह्यावरनं आठ दिवस अबोला होता. पण नोकरी लागून मी कोरेगावला बिऱ्हाड केलं, तेव्हा माझ्या ट्रंकेत तळाशी चटणीची बरणी तिनंच ठेवली होती. लसूण माझ्या मापाचा.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या, म्हणजे पुढचं कळेल. आमच्या मुलखात माणूस बिनकामाचा हलत नाही. पाहुणा दारात आला की पाण्याचा तांब्या पुढं करतानाच विचारतात, "काय काम काढलं?" रस्त्यात दिसला की "काय कामानं?" लग्न, मयत, बाजार, दवाखाना, कोर्ट... ह्यातलं काहीही चालतं. आणि ह्यातलं काहीच नसलं, तर देव. देव ही आमच्याकडची सगळ्यात सोयीची सबब. कुणाला घराबाहेर पडून चार डोंगर बघायचे असतील तर तो नुसता 'डोंगर बघायला चाललोय' म्हणणार नाही, डोंगरावरच्या देवाचं नाव सांगणार. आक्कानं मोडली ती ही रीत.

सुरुवात मात्र देवापासूनच झाली. गावातनं गणपतीपुळ्याला एक गाडी निघाली होती. सासूबाई, आक्का, मी, आणि गल्लीतल्या पंधरा-वीस बायका. देवळात दर्शनाची ही मोठी रांग. रांग पुढं सरकली, आमचा नंबर आला, बघतो तर आक्का नाही. सासूबाईंचा जीव वरखाली. शोधत शोधत मी देवळासमोरच्या किनाऱ्यावर गेले तर ही बया लुगडं गुडघ्यापर्यंत घेऊन वाळूत बसलेली, पाय पाण्यात. लाट येत होती, मांडीपर्यंत भिजवून जात होती, आणि हिला पत्ता नव्हता. मी ओरडले, "आक्का, आवं देव ऱ्हायला की बघायचा!" तिनं माझ्याकडं मान वळवली. तिचा तो चेहरा मी कधी पाहिला नव्हता. म्हणाली, "सुमे, एवढं पाणी गं... आणि कुणाच्या कामाचं न्हाई!"

मी हसले. तेव्हा मला त्यातलं काही कळलं नाही. प्यायला येत नाही, पिकाला येत नाही, घागरीत भरायला येत नाही, त्यात कौतुक कसलं? फार वर्षांनी उमगलं. त्या बाईच्या आयुष्यात पाणी म्हणजे काम होतं. आणायचं, ओतायचं, पुरवायचं, पाळी चुकली तर शिव्या खायच्या. त्या दिवशी पहिल्यांदा तिच्यापुढं असं पाणी आलं की ज्यानं तिला काही सांगितलं नाही. ती बघत बसली, आणि ते येत-जात राहिलं.

सासूबाईंनी परतीच्या वाटेवर गाडीत तिला असं झोडपलं की विचारू नका. "देवाच्या दारात जाऊन देव बघितला न्हाई! सटवे, कुठं फेडशील?" आक्का खिडकीतनं बाहेर बघत म्हणाली, "मी न्हाई बघितला, पर त्यानं बघितलं की मला. त्याच्या म्होरंच तर बसल्याली." गाडीतल्या बायका फिदीफिदी हसल्या आणि सासूबाईंचा पारा आणखी चढला.

खरी गंमत घरी आल्यावर झाली. आक्कानं येताना एका बाटलीत समुद्राचं पाणी भरून आणलं होतं. का, तर पोरांना दाखवायला. ती बाटली तिनं स्वयंपाकघरात देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवली, दुसरीकडं जागा नव्हती म्हणून. दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी बघितली. यात्रेहून आलेली बाटली, तीही देवाच्या फळीवर... तीर्थच असणार. अंघोळ करून त्यांनी पळीभर हातावर घेतलं, प्यायलं, उरलेलं डोक्याला लावलं. मग शेजारणीला बोलावलं, तिला दिलं. तिच्या सुनेला दिलं. दुपारपर्यंत अर्ध्या गल्लीनं समुद्र पोटात घातला. आम्ही शेतातनं येतो तर सासूबाई तोंड वाकडं करून ओसरीवर बसलेल्या. "का गं, गणपतीचं तीर्थ खारट असतंय व्हय?" आक्काला खरं सांगायचं सुचलं नाही की सुचून तिनं गिळलं, देव जाणे. अगदी गंभीर चेहऱ्यानं म्हणाली, "समुद्राच्या काठच्या देवाचं तसंच असतंय, आत्या." मला मात्र हसू आवरेना, मी पदर तोंडात कोंबून गोठ्यात पळाले. सासूबाई शेवटपर्यंत त्या बाटलीचं पाणी तीर्थच समजल्या. पुढं दरवर्षी आक्का बाटली भरून आणायची आणि म्हातारी दरवर्षी एक पळी मागायची. "खारट हाय, पर गुण येतोय," म्हणायची.

त्याच साली गारपीट झाली. माल तयार, उतरायला चार दिवस उरले होते, आणि दुपारच्या पाव तासात सगळा मांडव झोडपून निघाला. घडांचा खाली चिखल झाला. घरात कुणी जेवलं नाही. आणि मग गल्लीत कुजबूज सुरू झाली, थोरलीनं देव बघितला नाही म्हणून देव कोपला. कुजबूज आक्काच्या कानावर गेली ती पाणवठ्यावर, चारचौघींत. तिनं घागर खाली ठेवली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "गारा आख्ख्या तालुक्यात पडल्यात. सगळा तालुका काय माझ्यासंगं पाण्यात पाय सोडून बसल्याला?" पण मी तिला ओळखते. त्या रात्री तिच्या पोटात अन्न नव्हतं. लोकांचं बोलणं तिला लागत नव्हतं असं नाही. लागायचं, आणि लागलं म्हणूनच ती हट्टाला पेटायची.

पुढच्या वर्षी छाटणी झाल्यावर ती म्हणाली, "समुद्राला जायाचं." आण्णा म्हणाले, "व्हय, जाऊ की, गेल्या वारीचं दर्शन ऱ्हायलंच हाय." तर ही म्हणते, "दर्शनाला न्हाई. नुसतं समुद्राला." आण्णांना समजेना. "पर तिथं काम काय?" "काम न्हाई. बघायचं." "बघून?" "बघून परत यायाचं." सासूबाई मध्ये पडल्या, "समुद्राला नवस-बिवस बोललीस काय?" आक्का म्हणाली, "आत्या, देवाचं नाव म्होरं करून फिरण्यापरास नुसतं फिरल्यालं बरं. देवाला तरी खोट्यात कशाला घ्या?" देवाला खोट्यात घेऊ नये, हे म्हातारीला पटण्यासारखं होतं.

तर आम्ही निघालो. द्राक्षाचा टेम्पो, मागं उपड्या क्रेटवर गोधड्या घातलेल्या, त्यावर आम्ही बायका-पोरं. कराड, पाटण, कुंभार्ली घाट, चिपळूण, आणि तिथनं रस्ता नेईल तिकडं. ज्या गावात पोहोचलो त्याचं नाव मी लिहिणार नाही. लिहिलं की उद्या तिथं हॉटेलं होतील. वीस-पंचवीस मासेमारांची घरं, नारळी, आणि घरांच्या दारातनं सुरू होणारी वाळू. आमच्या टेम्पोवाल्यानं शहाणपणा करून गाडी पार वाळूत घातली आणि चाकं रुतली. किनाऱ्यावरची माणसं धावत आली, होडी ओढायचा दोर बांधला आणि 'हैशा, हैशा' करत टेम्पो बाहेर काढला. मग एक बाई पुढं आली. काशीबाई. डोक्यावर माशांची पाटी, ती खाली न ठेवताच विचारलं, "कुणाकडं आलात?" आक्का म्हणाली, "कुणाकडं न्हाई. समुद्राकडं आलोय." काशीबाई पाटीसकट हसली. "अगो बाई! मग तो काय जेवायला घालणार हाय तुम्हाला? चला घरी."

त्या दिवसापासून काशीबाईचं घर हे आमचं माहेर झालं. आम्ही बेदाणा न्यायचो, येताना सुकट आणायचो. एका वर्षी काशीबाई आमच्याकडं आली, तीही बिनकामाची, आक्कानं हट्टानं बोलावली म्हणून. बेदाण्याच्या शेडमध्ये जाळ्यांचे थर आणि त्यावर पसरलेली द्राक्षं बघून म्हणाली, "अगो, आम्ही सुकट वाळत घालतो तसंच की हे! नुसता वास तेवढा वेगळा." दोघी हसून हसून खाली बसल्या.

काय बघायची आक्का तिथं? काही विशेष नाही, तेच तर सांगायचंय. संध्याकाळी होड्या परत यायच्या, त्यांच्यावरच्या रंगीत पताका लांबून दिसायच्या, आणि कुठली होडी कुणाची हे आधी कोण ओळखतं ह्यावर पोरांशी पैज लावायची. किनाऱ्यावर लिलाव चालायचा तो ऐकत उभी राहायची, घेणार काही नाही. ओहोटीला कडक झालेल्या वाळूत पोरं क्रिकेट खेळायची आणि भरती आली की डाव संपायचा, पाणी स्टंपापर्यंत येईतो पोरं हलायची नाहीत. आक्काला ह्याची फार मजा वाटायची. "पंचाचं कोण ऐकंना, पर पाण्याचं ऐकत्यात," म्हणायची. काशीबाईचं सारवलेलं अंगण, त्यावर पडलेली झावळीची सावली, दुपारची भाकरी आणि कालवण... आणि मग दोन तास काहीही न करता बसणं. तिच्याइतकं मन लावून बसलेली बाई मी दुसरी बघितली नाही.

आण्णांची मात्र पंचाईत व्हायची. त्यांना बसता येत नाही. हात रिकामे राहिले की माणूस आजारी पडल्यासारखा दिसतो. दुसऱ्या वर्षी ते काशीबाईच्या मालकांशेजारी जाऊन बसले, ते जाळं विणत होते. पायाच्या अंगठ्यात जाळं ताणून धरायचं आणि सुई फिरवायची. तासाभरात आण्णांनी गाठ शिकून घेतली, वेलीच्या काड्या बांधून हात तयारच होता. पुढं पुढं तर काशीबाईचे मालक आण्णांसाठी एक फाटकं जाळं राखूनच ठेवायचे. आक्का त्यांना चिडवायची, "ह्यांना स्वर्गात न्या, तिथंबी फवारणीचा पंप शोधतील!"

पण आण्णांना खरी लाज वाटायची ती गावाच्या फाट्यावर. निघताना तिथं चहाच्या टपरीपाशी गाडी थांबायची, आणि कुणी ना कुणी विचारायचंच, "आण्णा, कुणीकडं? काय काम काढलं?" आण्णा घसा खाकरून सांगायचे, "देवाला." आणि मागनं आक्काचा आवाज यायचा, सगळ्या फाट्याला ऐकू जाईल असा, "देवाला न्हाई, समुद्राला!" टपरीवर हशा. आण्णा कानापर्यंत लाल. दरवर्षी हे असंच. टेम्पो जाऊन जीप आली, जीप जाऊन घरची गाडी आली, पोरांची लग्नं झाली, सासूबाई गेल्या. पण आण्णांचं 'देवाला' आणि आक्काचं 'समुद्राला' काही बदललं नाही.

नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं, तशी ह्या दोन दिवसांना दरवर्षी काहीतरी आडवं यायचंच. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ती वॉकर घेऊन आली. वाळूत वॉकर रुतला, तर काशीबाईच्या पोरांनी तिला खुर्चीत बसवून पाण्याकाठी नेली, देवीची पालखी न्यावी तशी. लॉकडाऊनच्या वर्षी घाटच बंद. मी म्हटलं, चला, यंदा खंड पडला. रूपालीनं फोनवर सांगितलं, "काकी, कसला खंड? आई सकाळपासून शेततळ्यात पाय सोडून बसल्यात. हाका मारून दमले. म्हणतात, आज आणि उद्या मी गावात न्हाई." दोन दिवस तिनं खरंच कामाला हात लावला नाही. एका वर्षी मीच गेले नाही. शाळेची तपासणी होती... खरं म्हणजे तपासणी आठवड्यानं होती, मला तयारी करायची होती. चार महिने ती माझ्याशी बोलली नाही. बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, "तुझ्या कामाला मी नावं ठेवत न्हाई, सुमे. पर काम तुला सोडून कुठं जाणार हुतं?" ती सल आजही जात नाही. जाऊही नये.

तर यंदा. तेरावा झाला, पाहुणे पांगले. आमच्याकडं घरात मयत झालं की वर्ष पाळतात. सण नाही, गोडधोड नाही, हिंडणं-फिरणं नाही. एप्रिल जवळ आला तशी मला धास्ती वाटायला लागली. एक वर्ष चुकलं तर पुढच्या वर्षी पुन्हा कोण उठणार? ना पोरांना सवड, ना आण्णांना हौस. आक्कानं एवढं भांडून उभं केलेलं, तिच्याच मरणाच्या नावाखाली मोडणार. मी तासगावला गेले आणि ओसरीवर सगळ्यांसमोर विषय काढला. भावकीतले गणूतात्या बसले होते, वयानं मोठे, मनानं वाईट नाहीत. म्हणाले, "पोरी, वर्साच्या आत हौसमौज बरी दिसत न्हाई. लोक काय म्हंतील?" मग थोडा विचार करून त्यांनीच तोड काढली. रक्षाविसर्जनानंतर थोड्या अस्थी आण्णांनी पंढरपूरला न्यायच्या म्हणून बागेच्या कडेला लिंबाला बांधून ठेवल्या होत्या. तात्या म्हणाले, "असं करा. त्या अस्थी समुद्राला घिऊन जावा. तिला आवड हुतीच. म्हंजे तुमचं जाणंबी हुईल, आन कामबी हुईल. कोण बोट दावनार न्हाई."

सगळ्यांना पटलं. रूपालीनंही मान हलवली. आण्णा लिंबाकडं बघत होते. मलाही, खोटं कशाला सांगू, क्षणभर हायसं वाटलं. पाणी प्यायला म्हणून आत गेले. स्वयंपाकघरात खिळ्याला कॅलेंडर आहे, त्यावर घरातली सगळी कामं लिहितात... फवारणी कधी, खत कधी, गॅस कधी लावला. खिळ्याला सुतळीनं एक पेन बांधलेला असतो. मी छाटणीची तारीख बघायला एप्रिलचं पान उलटलं. छाटणीनंतरच्या आठवड्यात दोन चौकोन, आणि त्यात आक्काचं ते कोंबडीच्या पायांचं अक्षर, दोन्हीत तेच. 'काम न्हाई.' जानेवारीत नवं कॅलेंडर टांगलं की तिचं पहिलं काम हे असायचं. मास्तरीण म्हणून मी एकदा तिला सांगितलंही होतं, "आक्का, 'नाही' असं लिहितात." तर म्हणाली होती, "तू शाळेत लिही. ह्या घरात 'न्हाई'च."

मी ते पान धरून उभी राहिले आणि मग मला रडू कोसळलं. फोन आल्यापासून नीट रडले नव्हते, ते तिथं रडले. आणि रडून झाल्यावर चांगलीच चिडले. स्वतःवर. देवाला खोट्यात घेऊ नये म्हणणारी बाई, आणि आम्ही तिच्याच हाडांची सबब करून तिच्या समुद्राला जाणार?

बाहेर येऊन म्हणाले, "तात्या, तुमचं बोलणं डोक्यावर. पण अस्थी आपण हरिपूरच्या संगमावर सोडू. पंढरपूरला न्यायच्या तर तिकडं न्या. जे काम आहे ते आधी उरका. समुद्राला आम्ही बिनकामाचं जाणार." तात्या म्हणाले, "लोक नावं ठेवतील, सुमन." मी म्हटलं, "ठेवू देत. तिला तीस वर्षं ठेवली, ती काय झिजली?" सगळे आण्णांकडं बघत होते. आण्णा उठले, लिंबापाशी गेले, अस्थींचं गठुडं सोडलं आणि पोराला म्हणाले, "विजय, गाडी काढ. हरिपूरला जाऊन येऊ." त्याच दुपारी अस्थी कृष्णेत सोडल्या.

छाटणी झाली, आणि त्या दोन चौकोनांतल्या पहिल्या दिवशी आम्ही निघालो. पुढं विजय आणि आण्णा, मागं रूपाली, तिची पोरं आणि मी. खिडकीजवळची आक्काची जागा कुणी न ठरवता मोकळी राहिली. फाट्यावर गाडी थांबली. टपरीवर पाच-सहा माणसं होती. त्यातल्या एकानं विचारलंच, "आण्णा, कुणीकडं? काय काम काढलं?" तीस वर्षांची सवय. आण्णांनी घसा खाकरला. म्हणाले, "देवाला..." आणि थांबले.

थांबले ते थांबलेच. मान किंचित मागं वळवली आणि वाट बघत राहिले. मागनं आवाज येईना. मी बोलू शकले असते, माझ्या ओठावर आलं होतं, पण ते माझं वाक्य नव्हतं. आण्णांनी त्या मोकळ्या सीटकडं बघितलं. मग खिडकीची काच पार खाली घेतली, आणि सगळ्या फाट्याला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "देवाला न्हाई! समुद्राला! काम काय न्हाई!"

टपरीवर कुणी हसलं नाही. चहावाल्यानं नुसती मान हलवली.

काशीबाई दारातच उभी होती. तिला सगळं फोनवर कळलं होतं. गळ्यात पडायच्या आधी तिनं माझे खांदे धरले आणि विचारलं, "दुखवट्याला आलात, की बघायला?" मी म्हटलं, "बघायला." "मग पाय धुवा आणि चला. होड्या यायची वेळ झालीय." रडलो आम्ही नंतर, होड्या लागल्यावर. पोरांनी पैज लावली, रूपालीच्या धाकटीनं काशीबाईची होडी सगळ्यात आधी ओळखली. काशीबाईच्या मालकांनी रिवाजाप्रमाणं आण्णांपुढं फाटकं जाळं आणून टाकलं. आण्णांनी ते हातात घेतलं, चाचपलं, आणि हळूच बाजूला सरकवलं. "आज न्हाई, मालक," म्हणाले. आणि मांडीवर दोन्ही हात ठेवून दिवस बुडेपर्यंत नुसते बसून राहिले. मी त्यांना पंचेचाळीस वर्षं ओळखते. असे बसलेले मी त्यांना पहिल्यांदा बघितले.

कुणी म्हणेल, वर्षाच्या आत हे शोभलं का. शोभलं. ज्यांना शोभलं नाही त्यांनी खुशाल बोलावं, मी कोरेगावात आहे, पत्ता सगळ्यांना ठाऊक आहे.

बाटली भरून आणलीय. देव्हाऱ्याच्या फळीवर तिच्या जागी ठेवली. कॅलेंडरचं एप्रिलचं पान आता उलटून गेलंय, त्यावर रूपालीच्या फवारण्या सुरू झाल्यात. परवा मी तासगावला गेले तर आण्णा बाजारातनं आले आणि थेट स्वयंपाकघरात गेले. सुतळीला बांधलेला तो पेन उघडला, त्यातली संपत आलेली रिफिल काढली, खिशातनं नवी काढून घातली, आणि चालते का ते अंगठ्याच्या नखावर रेघ ओढून बघितलं. नवं कॅलेंडर यायला अजून आठ महिने आहेत. मी दारात उभी होते. काय काम, असं मी विचारलं नाही.